लोणच्याची तोफ आणि सातवी कबर

आमच्या हेइशी गावात माझ्या शब्दाला काय वजन आहे ते आधीच सांगून टाकतो. घाटावरच्या चहाघरात बसून मी म्हणालो की पाऊस आला, तर माणसं हात बाहेर काढून बघतात, आणि हात ओला झाला तरी वाळत घातलेले कपडे तसेच ठेवतात. मी गोंग शिहुआई. सत्तरी ओलांडली. लोणच्याच्या कारखान्यात मोहरीच्या झाडाचे गाठाळ गड्डे मिठात खारवण्यात जन्म गेला. कारखाना बंद पडला, पण माझं तोंड काही बंद पडलं नाही.

माझी सगळ्यात गाजलेली थाप म्हणजे लोणच्याची तोफ. चहाघरात नवा माणूस आला की मालक स्वतःच म्हणतो, "गोंग, तोफ होऊ दे."

तोफ अशी. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात गावाचे दोन तुकडे झाले होते. एक 'शेवटपर्यंत' दल, दुसरं 'मशाल' दल. दोघांत फरक काय, असं हल्लीची पोरं विचारतात. पक्षाचे अध्यक्ष दोघांचे तेच, गाणी तीच, छातीवरचा बिल्ला तोच. अध्यक्षांवर जास्त निष्ठा कुणाची एवढाच वाद होता, आणि तो मिटवायला रायफली आणाव्या लागल्या. ओळखायचं ते दंडावरच्या पट्टीवरून. पट्ट्याही दोन्हीकडच्या लालच, फक्त दलाची नावं वेगळी.

तर आम्ही 'शेवटपर्यंत'वाले कारखान्यात कोंडले गेलो होतो आणि मशालवाले बाहेरून झोडत होते. तिसऱ्या दिवशी आमच्या तोफेचे गोळे संपले. तोफ तरी कसली, पाण्याचा जाडा नळ. आम्ही त्यात गेल्या वर्षीचे गड्डे ठासले, तिखटामसाल्यासकट, आणि बत्ती दिली. समोर मशालवाल्यांचा म्होरक्या कर्ण्यावरून अध्यक्षांचं वचन म्हणत होता, त्याच्या उघड्या तोंडात एक गड्डा जाऊन बसला. त्याने चावला. विचार केला. मग कर्ण्यावरूनच म्हणाला, "मीठ कमी पडलंय." आता मिठावरून बोललेलं आमच्याकडे कोण ऐकून घेतो? अर्धा तास गोळीबार बंद. दोन्ही बाजूंचे कर्णे शेकड्याला किती मीठ यावर भांडत होते.

इथे मी थांबायचो, आणि बुद्धिबळाच्या पटावरून मान वर न करता दुआन म्हणायचा, "कमीच होतं. उरलेला अर्धा मी खाल्लाय."

दुआन युनशान मशाल दलातला. मी समोरच्या दलातला. गेली तीस वर्षं रोज सकाळी आम्ही एकाच पटावर बसतो. तो माझे हत्ती मारतो आणि माझ्या थापेला साक्ष देतो. त्याची साक्ष आली की चहाघर हसायचं आणि कुणीतरी आमच्या चहाच्या वाट्यांत पुन्हा गरम पाणी ओतायचं. बाकी त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधीही बोललेलो नाही.

गेल्या वसंतात तुओबाई आली. तुओ यिनलान, विद्यापीठात शिकवते, पन्नाशीची, केस कापलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या. त्या उन्हाळ्याच्या मारामाऱ्यांचा अभ्यास करते. एकेक गाव घेते आणि कोण, कुठे, कुणाच्या हातून मेलं ते शोधते. आमच्या कारखान्यामागच्या बांबूच्या बेटात 'शेवटपर्यंत' दलाच्या अकरा कबरी आहेत, त्यांची यादी घेऊन ती आली होती.

चहाघराच्या मालकाने अर्थातच तिला माझ्यासमोर बसवलं. मी तोफ सांगितली. ती हसली नाही. लिहून घेतलं आणि दुआनकडे वळली.

"काका, तुम्ही कुठल्या दलात होता?"

"मशाल."

"आणि असं झालं होतं?"

"मीठ कमी होतं," दुआन म्हणाला.

तिने वहीत एक खूण केली. मी विचारलं ही कसली. ती म्हणाली, "माझा एक नियम आहे गोंगकाका. एकाच बाजूने सांगितलेलं मी धरत नाही. दोन्ही दलांचा एकेक माणूस तेच सांगत असेल तरच पुस्तकात जातं."

"एवढा संशय?"

"पहिली तीन वर्षं मी सगळ्यांवर विश्वास ठेवला. दीडशे माणसांना भेटले. दीडशेंनी मार खाल्लेला. मारणारा एकही भेटला नाही." तिने भोपळ्याच्या बियांचं टरफल वाटीत टाकलं. "मारणारे सगळे कुठे गेले असतील, सांगा बरं."

दुआनने घोडा हलवला. घोडा चुकीच्या घरात पडला. दुआनचा घोडा कधी चुकत नाही.

चहाघराला लागूनच वेनशिऊची शेवयांची टपरी आहे. शिआंग वेनशिऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचा धाकटा भाऊ वेनताओ आणि मी खारवणाच्या हौदावर एकाच पाळीला असायचो. सातव्या कबरीवर वेनताओचं नाव आहे. थडगी झाडायच्या सणाला ती दरवर्षी बेटात जाते, गवत उपटते, मेलेल्यासाठी कागदी पैसे जाळते आणि तिखटात परतलेले शेंगदाणे ठेवून येते, कारण वेनताओ शेंगदाण्यांसाठी जीव टाकायचा.

त्या दिवशी ती एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि तुओबाईला म्हणाली, "माझ्या भावाचं नीट लिहा हं बाई. मला आता फार दिवस नाहीत. छातीत काहीतरी वाढलंय, डॉक्टर म्हणतो पानगळीपर्यंत. मुलीला सांगून ठेवलंय, माझी राख सातव्याशेजारी ठेवायची. जागा साफसुद्धा करून घेतली."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझी एकट्याची मान हलली नाही.

कारण सातव्या कबरीत वेनताओ नाही. तिथे दुसराच आहे, आणि त्याला तिथे मी झोपवलंय.

आता यापुढे हसायला थांबू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुओबाईला जुन्या कारखान्यात घेऊन गेलो. हौद कोरडे पडलेत, आत गवत आहे. हौदाच्या कडेला बसून मी तिला पहिल्यांदा, म्हणजे आयुष्यात कुणालाही पहिल्यांदा, त्या तिसऱ्या दिवसाची हकीकत सांगितली.

गोळे संपले होते एवढं तोफेतलं खरं. आम्ही मागच्या दाराने पळत होतो. गड्डे निवडायच्या अंगणात वेनताओच्या पोटात गोळी लागली. बाहेर पडायची एकच वाट, आणि ती मशालवाल्यांच्या रांगेतून. समोरच्या दलाचा जखमी सापडला की ते काय करतात हे आम्हाला माहीत होतं, कारण आम्हीही तेच करत होतो. अंगणात त्यांचा एक पोरगा मरून पडला होता, सतरा-अठराचा. मी त्याच्या दंडावरची मशालची पट्टी काढून वेनताओच्या दंडावर बांधली. म्हटलं, आपला माणूस समजून उचलतील, औषधपाणी करतील.

"आणि वेनताओची स्वतःची पट्टी?" तुओबाईने विचारलं.

"तीच तर. ती हातात राहिली. तिच्यावर अध्यक्षांच्या हस्ताक्षरातली अक्षरं छापलेली. ती खाली कशी टाकणार?"

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. डोक्यावरून गोळ्या जाताहेत आणि हा कापडाचा तुकडा जमिनीवर टाकायला घाबरतो. पण तुओबाईला ठाऊक होतं. आमच्याच कारखान्यात एका बाईने अध्यक्षांचा फोटो असलेल्या वर्तमानपत्रात चपला गुंडाळल्या, तर तिला गळ्यात पाटी अडकवून गावभर फिरवली होती. माझी स्वतःची पट्टी मी टोपीत घातली, डोक्यावर असली की अपमान होत नाही. टोपीत दोन मावेनात. मग वेनताओची पट्टी मी त्या मेलेल्या पोराच्या रिकाम्या दंडावर बांधली. गाठसुद्धा नीट मारली. पट्टीच्या आतल्या बाजूला शाईने नाव असायचं, शिआंग वेनताओ.

"पुढे?"

"पुढे मी वेनताओला पाठीवर घेऊन रांगेपर्यंत नेलं. 'आपला जखमी आहे' म्हणून ओरडलो आणि त्याला ठेवून बाजूला सटकलो. घाटावर रिकाम्या रांजणांची उतरंड होती, तिच्यामागे लपलो. त्यांनी त्याला उचललं. पाणी पाजलं. मला वाटलं, जमलं. मग वेनताओ तापात बडबडायला लागला. आमच्या दलाची घोषणा द्यायला लागला, मोठमोठ्याने." मी हौदातलं गवत उपटलं. "चौघांनी उचललं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. एक चप्पल कुठेतरी पडली होती, दुसरी तिथे पडली. नदीत टाकलं. जिवंत होता."

तुओबाईची लेखणी थांबली नव्हती. "चौघे कोण?"

"तिघं मेले. चौथा आत्ता चहाघरात पट मांडून माझी वाट बघतोय."

चार दिवसांनी लढाई थांबली, तेव्हा प्रेतं पट्ट्या बघून वाटून घेतली. ऑगस्टचं ऊन. पेट्या तयार होईपर्यंत आमच्या लोकांनी आपले अकरा जण हौदात मीठ घालून ठेवले होते. चेहरे ओळखण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून पट्टीच्या आतलं नाव वाचलं आणि दगडावर कोरलं. त्या वर्षीचं लोणचं आमच्या गावात कुणी तोंडात घातलं नाही. बाहेरगावी मात्र गेलं.

तुओबाईने वही मिटली. "मला वाटतं तुम्ही खरं बोलताय, काका. पण मला काय वाटतं याला पुस्तकात जागा नाही. दुआनकाकांना विचारते."

विचारलं. मी दाराबाहेर उभा होतो. दुआनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्या दिवशी मी मावशीकडे होतो, वरच्या गावात. बाई, या गोंग्याचं काय घेऊन बसलात. याने एकदा वाघाला लोणचं खायला घातलं होतं, तेही विचारा."

चहाघर हसलं. तोफेची साक्ष द्यायला मावशीच्या गावाहून कसा आला होतास, असं कुणी विचारलं नाही.

मी आत गेलो. "तुओबाई, तोफ खोटी आहे. शब्दन् शब्द मी रचलेला आहे."

"गोंगकाका, तोफ आणि गड्डे मी काढूनच टाकलेत," ती दमल्यासारखी म्हणाली. "पण तिसऱ्या दिवशी अर्धा तास गोळीबार थांबला होता, हे तुम्ही दोघंही तीस वर्षं सांगताय. गावातली वीस माणसं सांगतात. दोन्ही दलांची. ते पुस्तकात जाईल."

"अहो, एक मिनिटसुद्धा थांबला नव्हता."

"आता तुम्ही एकटेच असं म्हणताय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

ती गेल्यावर दुआनने सोंगट्या मांडल्या. माझ्याही त्यानेच मांडल्या. मी बसलो नाही.

"बस," तो म्हणाला.

"तू पाय धरले होतेस, दुआन."

"डाव्या पायाला मी होतो. उजव्या पायाला लंगडा शिऊ." पहिल्यांदाच बोलला, आणि शेवयांत व्हिनेगर जास्त झालं हे सांगावं तशा आवाजात बोलला. "आणि रांजणांच्या मागे तुझी टोपी दिसत होती. तिच्यातून लाल कापड बाहेर आलेलं. मी बघितलं. बाकीच्या तिघांना सांगितलं असतं, तर त्याच फेरीत तूही गेला असतास."

मी बसलो.

"मी पन्नास वर्षं टोपीबद्दल गप्प बसलोय. तू पायांबद्दल गप्प बस." त्याने प्यादं सरकवलं. "मी रोज दुपारी वेनशिऊकडे जेवतो, गोंग्या. न सांगता शेंगदाणे जास्त घालते. त्या बाईने पुस्तकात छापलं, तर मी जेवायला कुठे जाऊ?"

मीही प्यादं सरकवलं. 

पण वेनशिऊची राख एका परक्या पोराशेजारी जाणार होती, तीही माझ्या एका गाठीमुळे. दोन दिवस मी तोंड बंद ठेवलं. मालकाने विचारलं, "दात दुखतो का?" तिसऱ्या दिवशी जेवणाच्या जरा आधी मी टपरीवर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. ती पातीचा कांदा चिरत होती.

"वेनशिऊ, सातव्या कबरीबद्दल सांगायचंय."

"पुन्हा थाप असेल तर बाहेर जा. आज खोकला फार आहे, हसवत नाही."

"त्यात वेनताओ नाही."

सुरी थांबली नाही. पाती संपली, तिने दुसरी जुडी ओढली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

मी बाकावर बसलो.

"प्रेत धुवायला मीच होते ना. मिठाने चेहरा आक्रसला होता, ते सगळं ठीक. पण वेनताओच्या डाव्या पायाची करंगळी कारखान्यातल्या सुरीखाली गेली होती. घरी आम्ही दोघंच होतो, बाहेर कुणाला माहीत नव्हतं. लाजायचा तो, मोजे काढायचा नाही. आणि त्या पोराला दहा बोटं. मिठात घातलं म्हणून बोट उगवत नाही, गोंग."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? हा तो नाही म्हटलं असतं, तर तुमच्याच दलाने विचारलं असतं, मग तो कुठाय? पळाला? पळपुट्याला शोधून काढलं असतं. मी म्हटलं, पळाला असेल तर पळू दे. मेला म्हणून दगड उभा राहिला, तर मागे कुणी लागणार नाही." तिने सुरीच्या पात्याने पाती गोळा केली. "म्हणून मी छाती बडवून रडले. सगळं गाव म्हणालं, बहीण असावी तर अशी. दरवर्षी कागद जाळते ते त्या पोरासाठी. त्यालाही कुणीतरी असेलच की. आता त्याच्याशेजारी जाईन. त्याने माझ्या भावाची जागा धरून ठेवली."

मला कळलं ती काय विचारणार आहे. उठून जायला हवं होतं. बसून राहिलो.

"तू आलास, म्हणजे तुला काहीतरी माहीत आहे," ती म्हणाली. आता सुरी खाली ठेवली होती. "पट्टी तू बदललीस?"

"हो."

"आणि त्याला बाहेर काढलंस?"

"पाठीवर घेऊन. रांगेपलीकडे."

"म्हणजे तो पलीकडे गेला." तिने माझ्याकडे असं बघितलं, की त्या म्हाताऱ्या चेहऱ्यातून पंचविशीच्या आतली पोरगी डोकावली. "मला वाटायचंच. युन्नान प्रांताकडे गेला असेल, सीमेपलीकडे. तिकडे बायको केली असेल. पत्र टाकलं नाही ते आपल्याच भल्यासाठी. रोज रात्री मी हेच जुळवते, पण घाटापाशी येऊन अडते. पुढे काय झालं, गोंग?"

आयुष्यभर मी फुकट थापा मारल्या. कुणी मागितली नव्हती अशी एकेक थाप घरपोच केली. आणि ही पहिलीच मागितलेली.

"होडी होती," मी म्हणालो. "कोळ्याची, लहान. दोर सोडून दिला. प्रवाहाने खाली गेली. त्याने हात वर केला होता."

तिने चिरलेली पाती वाटीत लोटली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "तू गोंग आहेस."

"हो."

"तुझ्या एकट्याच्या सांगण्यावर मी मरू शकत नाही. ती बाई म्हणते ते बरोबर आहे. दुसऱ्या बाजूचा माणूस हवा."

आणि दुसऱ्या बाजूचा माणूस तेवढ्यात दारात उभा राहिला, कारण जेवायची वेळ झाली होती. दुआन नेहमीच्या बाकावर बसला, चॉपस्टिक्स पुसल्या आणि मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं.

"दुआन," वेनशिऊ म्हणाली, "हा गोंग म्हणतो वेनताओ होडीतून गेला. तू मशालमध्ये होतास. त्या दिवशी घाटावर कोण होतं तुमच्यातलं?"

मावशीचं गाव चार कोसांवर होतं. तो तिकडे जाऊ शकला असता. मला वाटत होतं जावं, आणि मला वाटत होतं जाऊ नये. 

"मी होतो," दुआन म्हणाला.

"होडी होती?"

"होती. दोर मीच सोडला." तो माझ्याकडे बघत नव्हता. तीस वर्षांच्या सरावाने बरोबर जागा पकडून तो माझ्या थापेत शिरला. "त्याला उठता येत नव्हतं. पाय धरून मीच आत ठेवले. चपला नव्हत्या, मोजेही निघाले होते." मग गोष्ट पटण्यासाठी आणखी एक वीट लागते हे ओळखून त्याने ती लावली. "डाव्या पायाला करंगळी नव्हती त्याच्या. तेव्हा दिसलं."

वेनशिऊ मटकन खाली बसली. दोन्ही हात तिने तोंडावर ठेवले होते. खोकला आला, तो थांबेपर्यंत आम्ही दोघं कपाटाकडे बघत होतो. मग ती उठली. चेहरा पुसला. चुलीवरून पातेलं उतरवलं.

"दोन्हीकडचे जुळले," ती म्हणाली.

दुआनची वाटी भरून तिने त्याच्यासमोर ठेवली. मग बरणी उघडून तिखटात परतलेल्या शेंगदाण्यांची मूठ वर टाकली, आणि जरा थांबून आणखी एक मूठ. दुआनने वाटी जवळ ओढली. एक दाणाही न सोडता त्याने सगळे खाल्ले.